गॅरेजमधले उद्योग : तीन भोकांची भूल



गेल्या खेपेला जुन्या शिवणयंत्राच्या डागडुजीबद्दल लिहिताना मी सहज म्हणून गेलो होतो की याच टेबलावर मी रायफलीची काडतुसंही भरतो. त्यावर बऱ्याच जणांच्या भुवया उंचावल्या. एका काकूंनी तर सरळच विचारलं, "म्हणजे तुम्ही घरात दारू ठेवता?" होय काकू, ठेवतो. पण प्यायची नव्हे, काडतुसात भरायची. :-)

तेव्हा आज त्याबद्दलच. आणि त्यातल्या माझ्या एका मूर्खपणाबद्दल, जो मी बरेच दिवस कोणाला सांगितला नव्हता.

आधी कायद्याचं, कारण आपल्यातले पुष्कळ जण अजून व्हिसावर आहेत. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं बंदूक आणि काडतुसं, दोन्ही बाळगायला मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणं वगैरे मोजके अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. हौसेपायी ग्रीन कार्ड घालवणं कुणालाच परवडणार नाही. मी स्वतः ग्रीन कार्ड हातात पडल्यावरच हा नाद लावून घेतला. इंग्लंडातल्या मंडळींना पोलिसांकडून फायरआर्म सर्टिफिकेट लागतं. आणि भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतुसं बनवायलाच परवाना लागतो, त्यामुळे सुट्टीवर गेल्यावर मेव्हण्याला प्रात्यक्षिक दाखवायचा विचारही नको.

असो. तर मुळात घरी काडतुसं भरायचीच कशाला? दुकानात मिळत नाहीत का?

मिळतात, आणि चांगली मिळतात. पण आमचा खेळ १००० यार्डांचा, म्हणजे अर्ध्या मैलाहून जास्त. मी राहतो चँडलरला, आणि फीनिक्सच्या उत्तरेला बेन एव्हरी म्हणून मोठी सरकारी रेंज आहे, तिथे जातो. आमच्या प्रकाराला एफ-क्लास म्हणतात. जमिनीवर पालथं झोपायचं, रायफल पुढून दोन पायांच्या घोडीवर आणि मागून वाळूच्या पिशवीवर टेकवायची, आणि दुर्बिणीतून नेम धरायचा. समोरच्या निशाणावर दहा गुणांचं वर्तुळ १० इंचांचं, म्हणजे आपल्या जेवणाच्या ताटाएवढं. त्याच्या आत ५ इंचांचं आणखी एक वर्तुळ, बरोबरी झाली तर निकाल लावायला.

आता हिशोब बघा. माझी रायफल ३०८ विंचेस्टर जातीची. गोळी नळीतून सेकंदाला साधारण २६५० फूट वेगानं निघते. हा वेग एका गोळीपासून दुसऱ्या गोळीत नुसता १० फुटांनी बदलला, तरी १००० यार्डांवर गोळी तीन-चार इंच वर किंवा खाली लागते. म्हणजे ३० फुटांचा फरक पडला की ताट संपलं. दुकानातल्या डब्यात एवढा फरक सहज सापडतो. म्हणून घरी भरायचं. प्रत्येक काडतूस मागच्या काडतुसासारखंच व्हावं, एवढाच या सगळ्या खटाटोपाचा अर्थ.

इथे एक गंमत सांगतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं, तेव्हा रात्र जागून बघितलेल्यांपैकी मीही एक. ती रायफल .२२ ची. तिच्या काडतुसात प्रायमर वेगळा नसतो, पेटणारा मसाला पुंगळीच्या काठातच भरलेला असतो, त्यामुळे ते पुन्हा भरता येत नाही. मग ते नेमबाज काय करतात, तर एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या घाण्यांची काडतुसं आपल्या रायफलीतून झाडून बघतात आणि जी घाणी मानवेल तिचे डबे साठवून ठेवतात. आम्ही घाणी घरीच घालतो, एवढाच फरक.

कृती तशी सोपी. एकदा झाडलेली पितळी पुंगळी घ्यायची. दाबानं फुगून तिनं तुमच्याच रायफलीच्या चेंबरचा आकार घेतलेला असतो. प्रेसमध्ये डाय लावून तिला परत मापात दाबायचं, पण बेतानं. खांदा इंचाचा एक-दोन हजारांश भाग मागे सरकला की पुरे. जळका प्रायमर काढायचा, लांबी वाढली असेल तर कापून सारखी करायची, नवा प्रायमर बसवायचा, पावडर मोजून घालायची आणि वरून गोळी दाबून बसवायची. चार-पाच वेळा झाडलं की पुंगळीची मान कडक होते आणि गोळीवरची पकड कमीजास्त होऊ लागते. मग मान तेवढी तापवून नरम करायची. तांबट भांडं ठोकताना मधेमधे तापवतात ना, तेच तंत्र. पावडर मोजतात ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे सोनाराच्या गुंजेच्या साधारण निम्मा. एका काडतुसातली पावडर तीन ग्रॅमसुद्धा भरत नाही, आणि मी ती एक-दशांश ग्रेनपर्यंत तोलतो. आमच्या सौ. म्हणतात, एवढं तोलून-मापून कधी चहात साखर घातली असतीस तर!

(पावडरीचे आकडे मी इथे देणार नाही. ते पावडर आणि गोळी बनवणाऱ्यांच्या पुस्तकातूनच घ्यायचे. का, ते पुढे कळेलच.)

खरा प्रश्न हा, की तुमच्या रायफलीला किती पावडर मानवते हे ठरवायचं कसं? सगळे करतात ती युक्ती म्हणजे शिडी. क्रेटन ऑडेट या अमेरिकन नेमबाजाचं नाव तिला चिकटलेलं आहे. पावडर थोडी थोडी वाढवत न्यायची आणि गोळ्या कुठे पडतात ते बघायचं. कल्पना अशी की गोळी सुटताना नळी थरथरते, आणि शिडीत एखादी जागा अशी सापडते की तिथे पावडर किंचित इकडेतिकडे झाली तरी गोळी तिथेच लागते. त्या जागेला नोड म्हणतात. पुष्कळ लोक, मीही त्यातलाच, प्रत्येक पायरीवर तीन गोळ्या झाडून ज्या पायरीची तीन भोकं सर्वांत जवळ, तो आपला नोड असं धरतात.

२०१९ च्या जानेवारीतली गोष्ट. थंडगार सकाळ, पारा आठ अंशांवर, वारा नाही. मी दहा पायऱ्यांची शिडी केली. १०० यार्डांवर नवव्या पायरीच्या तीन गोळ्या एकमेकींना चिकटून लागल्या. माप घेतलं तर ०.३१ इंच! क्रोनोग्राफ म्हणजे वेग मोजायचं यंत्र लावून आणखी पाच झाडल्या, तर वेगाचं प्रमाण विचलन फक्त ६ फूट. मी त्या कागदाला फ्रेम करायचं तेवढं बाकी ठेवलं. गॅरेजच्या भिंतीवर लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला.

एकच बारीकशी अडचण होती. नववी पायरी पुस्तकातल्या कमाल आकड्याच्या ०.३ ग्रेन वर होती.

मला हे माहीत होतं. नजरचुकीनं झालं असं म्हणून सुटका करून घेता येणार नाही. रेंजवर नेहमी ऐकू येणारं वाक्य मी स्वतःला ऐकवलं, की पुस्तकवाले वकिलांना भिऊन आकडे कमीच छापतात. ०.३ ग्रेन म्हणजे गुंजेचा सहावा हिस्सा, त्यानं काय होतंय? आणि मुख्य म्हणजे, इतकी सुंदर भोकं उगाच पडतात का? हा उद्योग सुरू करताना सौ.ला मात्र मी शब्द दिला होता, की पुस्तकात लिहिलंय त्याच्या पुढे एक कणही घालणार नाही.

जून उजाडला. माझी मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची. तिला नेमबाजीपेक्षा वारा वाचायची गोडी. शेजारी मोठी दुर्बीण लावून बसते आणि उन्हाच्या लहरी कुठे वाहतायत ते सांगते. १००० यार्डांवर ताशी एक मैलाच्या आडव्या वाऱ्यानं माझी गोळी नऊ-दहा इंच सरकते, त्यामुळे तिच्या सांगण्याला फार किंमत. त्या दिवशी तीही बरोबर होती. अकराच्या सुमाराला पारा ४१ अंश. काडतुसांचा डबा माझ्या चटईवर उन्हातच पडलेला.

पहिल्या दोन गोळ्या अपेक्षेपेक्षा बऱ्याच वर लागल्या. तिसरीनंतर बोल्टचा दांडा नेहमीपेक्षा घट्ट लागला. तिथेच थांबायला हवं होतं. मी मनात म्हटलं, धूळ असेल. चौथी झाडली आणि तोंडावर गरम वाफेचा फटकारा बसला. प्रायमरला भोक पडून गॅस मागे आला होता. चष्म्याची उजवी काच काळी. बोल्ट उघडेचना.

माझी मुलगी उजव्या हाताला दोन फुटांवर बसली होती. बोल्ट फाटला असता तर तुकडे तिच्याच बाजूला गेले असते. तिच्या डोळ्यांवरही चष्मा होता, कारण रेंजचा नियमच तसा आहे. ती आधी म्हणाली, "बाबा, तुला लागलं का?" नाही म्हटल्यावर थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पण तू तर पुस्तकातलीच भरतोस ना?"

मंडळी, मी उत्तर दिलं नाही. रायफल गुंडाळली, गाडीत घातली, आणि पाऊण तास आम्ही दोघं एसीचा आवाज ऐकत घरी आलो.

काय घडलं ते समजायला अवघड नाही. ३०८ च्या काडतुसाचा कमाल दाब ठरलाय चौरस इंचाला ६२,००० पौंड. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये असतो ३२-३५. पुष्कळशा पावडरी उन्हाला हळव्या असतात. तापल्या की लवकर जळतात, दाब वाढतो. माझी पावडर त्यांतलीच. नंतर नोंदी बघितल्या तर त्या दिवशी वेग जानेवारीपेक्षा ६० फुटांनी जास्त होता. जानेवारीत जेमतेम काठावर असलेला दाब जूनमध्ये काठ ओलांडून गेला.

पण मी काठावर गेलोच कशाला? त्या तीन भोकांसाठी. आणि खरी मेख इथेच आहे.

रेंजवर एक सत्तरी ओलांडलेले अमेरिकन गृहस्थ येतात, चाळीस वर्षं काडतुसं भरणारे. मी त्यांना मनातल्या मनात अण्णा म्हणतो. अडकलेला बोल्ट त्यांनीच लाकडी हातोडीनं सोडवून दिला. वर एक अक्षर रागावले नाहीत. मी भिंतीवरचा कागद त्यांना दाखवला, म्हटलं, पण बघा ना, भोकं कशी होती! त्यांनी एकच प्रश्न केला, "गोळ्या किती होत्या?"

"तीन."

"मग हे तुला कोणी सांगितलं? रायफलीनं की नशिबानं?"

आणि त्यांनी मला एक गृहपाठ दिला. तो मी केला, आणि तुमच्यापैकी जे कोणी या छंदात आहेत त्यांनी जरूर करावा. पुस्तकातल्या कमाल आकड्याच्या बऱ्याच खाली येऊन मी ३० काडतुसं भरली. तिसांमध्ये अगदी तीच पावडर, तेवढीच, तीच गोळी. मग शिडी असल्याचं सोंग करून दहा निशाणांवर तीन-तीन झाडल्या आणि निशाणांना १ ते १० नंबर दिले. म्हणजे वर्गातली दहाही मुलं एकच, नावं तेवढी वेगळी.

निकाल काय? सात नंबरची तीन भोकं ०.३८ इंचात. शेजारच्या आठ नंबरची ०.९४. तीन नंबरची १.२१. सगळ्यांची सरासरी ०.७२. तो कागद मी ऑफिसातल्या चार इंजिनिअरांना दाखवला, "यातला कुठला नोड निवडाल?" चौघांनीही बिनधास्त सात नंबर निवडला. एकानं तर सहा आणि सातच्या मधे अजून बारीक पायऱ्या पाड असा सल्लाही दिला. :-) मग दहा निशाणं एकावर एक ठेवून उजेडात धरली, तर तीस भोकांचा एकच गोल ठिपका, सुमारे १.४ इंचांचा. माझी रायफल आणि मी मिळून एवढेच. ०.३१ ची रायफल माझ्याकडे कधी नव्हतीच.

आपण सगळे आकड्यांत वावरणारी माणसं, म्हणून थोडं गणित. गोळ्या जशा वाढतील तसा समूह पसरतच जातो. दहा गोळ्यांचा समूह त्याच रायफलीच्या तीन गोळ्यांच्या समूहापेक्षा सरासरीनं दीडपटीहून मोठा येतो. शिवाय तीन गोळ्यांच्या समूहाचं माप सरासरीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही जास्त वरखाली होत राहतं. म्हणजे ०.७२ सरासरीच्या रायफलीत दर दहा समूहांमागे एखादा ०.४ च्या आत येणारच, काहीही न बदलता. दहा पायऱ्यांची शिडी केली की एक चमत्कार हमखास! तो कुठल्या पायरीवर येईल ते मात्र सांगता येत नाही. माझ्या बाबतीत तो नेमका धोक्याच्या पायरीवर आला.

आणि ते वेगाचं प्रमाण विचलन ६ फूट? पाचच गोळ्यांवरून काढलेला ६ हा आकडा, ९५ टक्के खात्रीनं बोलायचं तर, खरा ३.६ पासून १७ पर्यंत कुठेही असू शकतो. ३.६ म्हणजे विजेत्याचं काडतूस, १७ म्हणजे दुकानातला डबा. माझ्या मोजमापानं या दोघांतला फरकही सांगितला नव्हता. वीस गोळ्यांवरून १० आला, तर तो साधारण साडेसात ते साडेचौदाच्या मधे असतो. तेही फार बारीक नाही, पण निदान बोलण्यासारखं आहे.

आपल्यात डॉक्टर आहेत, त्यांना तीन रुग्णांवर औषध सिद्ध झालं म्हणून कोणी सांगितलं तर ते हसतील. सॉफ्टवेअरवाले तीन ग्राहकांवरून पान बदलणार नाहीत. मीसुद्धा ऑफिसात असला अहवाल आला असता तर परत पाठवला असता. घरच्या गॅरेजमध्ये मात्र डिग्री दाराबाहेर काढून ठेवली.

आता माझी पद्धत बदलली आहे. पुस्तकातल्या सुरुवातीच्या आकड्यापासून वर यायचं आणि कमाल आकड्याच्या आधीच थांबायचं. काडतूस पक्कं करण्याआधी तेच एकदा भर उन्हाळ्यात झाडून बघायचं, आणि डबा सावलीत ठेवायचा. बोल्ट किंचित जरी घट्ट लागला तरी त्या दिवसाचा खेळ बंद. निर्णय घ्यायचा तो निदान वीस गोळ्यांवर. एकाच दिवशी नाही झाल्या तर चार दिवसांचे कागद एकावर एक ठेवून. आणि वीस गोळ्यांनंतर समाधान झालं नाही तर एक-दशांश ग्रेनचा पाठलाग करत न बसता गोळी किंवा पावडरच बदलायची. त्यानं पडणारा फरक खरा आणि ठळक असतो, माझ्या कागदांवर तरी. पावडर आता उन्हाला कमी हळवी असलेली घेतो. उरलेला वेळ आणि गोळ्या वारा शिकण्यात घालवतो. माझे गुण पूर्वीही वाऱ्यातच जात होते, मी ते पावडरीत शोधत होतो.

राहता राहिली घरची गोष्ट. त्या दिवशी जेवणं झाल्यावर मी सौ.ला सगळं सांगितलं, ०.३ ग्रेनसकट. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "पावडर किती घालतोस ते मला कळत नाही, म्हणून तर तुझ्या शब्दावर सोडलं होतं." त्यानंतर सहा महिने मी प्रेसला हात लावला नाही. पुन्हा सुरू केलं ते मुलीच्या अटीवर. पावडरीच्या आकड्यासमोर पुस्तकाचं पान आणि कमाल आकडा लिहायचा, आणि ती वही उघडीच टेबलावर ठेवायची, कोणीही बघावी अशी. पोरगी आता कॉलेजला गेली, पण घरी आली की अजूनही वही चाळते. बोलत काही नाही.

भिंतीवर तो जानेवारीचा कागद अजून आहे. त्याच्या शेजारी तीस भोकांचा दुसरा लावलाय. पाहुणे पहिल्याचंच कौतुक करतात, मग मला दुसऱ्याची गोष्ट सांगावी लागते.

पुढच्या खेपेला निरुपद्रवी विषय: ॲरिझोनाच्या उन्हात कढीपत्ता जगवणे. त्यातही मी तीनच रोपांवरून एक सिद्धांत मांडला होता, तो आता मागे घ्यावा लागणार असं दिसतंय.

कळावे, लोभ असावा.

तुमचाच,
गॅरेजवाला

ता. क. – काकूंसाठी: दारू तिच्या मूळ डब्यातच, थंड आणि कोरड्या जागी, कुलपात ठेवतो. घट्ट झाकणाच्या लोखंडी पेटीत ती कधीही ठेवू नये; आग लागलीच तर मूळ डबा फाटून पावडर नुसती भसकन जळून जाते, पेटीत कोंडली तर तिचा बाँब होतो. आणि टेबलावर एका वेळी एकच डबा उघडा, हा नियम. दोन प्रकारच्या पावडरी शेजारी शेजारी ठेवल्या की डोळे दगा देतात.